डेन्व्हरचा समुद्र, तेरची तुरटी

‘ती. आप्पांस शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्रास कारण की, घरात समुद्र आणला आहे आणि तो नासला आहे.’

डेन्व्हरहून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला निघालेलं पत्र असं सुरू होतं. व्हिडिओ कॉलच्या काळात पत्र कशाला, तर आप्पांना कमी ऐकू येतं आणि ते निवृत्त शिक्षक. कॉलवर ते ‘जेवलास का’ एवढंच विचारतात. बाकीचं कागदावर आलं तरच ते त्यांच्या लेखी आलं. मुलगा पाकिटावर सवयीनं ‘जि. उस्मानाबाद’ लिहितो, मग खोडून ‘धाराशिव’ करतो. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, हात अजून बदललेला नाही. आप्पा या खाडाखोडीचा अर्धा गुण कापतात.

समुद्र म्हणजे दीडशे लिटरची काचेची टाकी. नातवाला क्लाऊनफिश हवा होता, तोच तो नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला, आणि हा मासा गोड्या पाण्यात जगत नाही. तेव्हा समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवरच्या, चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेल्या शहरात समुद्र तयार करायचं ठरलं. करणारा गृहस्थ तेरणेच्या काठचा. शाळेच्या सहलीत मुंबईला मरीन ड्राइव्हवर, 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात त्यानं समुद्राचे मासे पाहिले होते. त्याचं सागरी शिक्षण तेवढंच.

पत्रात मिठाचा हिशेब सविस्तर आहे, कारण आई तो विचारणार हे ठाऊक होतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं साधारण 30 ग्रॅम आपलं नेहमीचं मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी मंडळी. त्यामुळे स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठी मुद्दाम बनवलेलं मिश्रण आणावं लागतं. दीडशे लिटरला ते साडेपाच किलोच्या आसपास लागलं. हा आकडा आप्पांनी मोठ्यानं वाचला तेव्हा आई म्हणाली, ‘आरं, एवढ्यात माझं वर्षाचं लोणचं होतंय.’

शनिवारी टाकी मांडली. तळाला प्रवाळ-शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू, तिच्यावर कोरडंच मीठ, वर आरओचं पाणी. पंप सुरू केला आणि टाकीचं ताक झालं. पाठीमागची भिंत दिसेना. नातवानं विचारलं, ‘मासे ढगात राहतात का?’

घाई नडली होती, तीही दोन ठिकाणी. वाळू धुतली नव्हती. तिच्या पिठासारख्या भुकटीनं पाणी पांढरं केलं. ‘तांदूळ न धुता कुणी चुलीवर ठेवतं का,’ हे आईचं वाक्य पत्र पोचण्याआधीच सूनबाईंनी तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. दुसरं मिठाचं. ते वेगळ्या बादलीत, आधी पाणी घेऊन त्यात थोडं थोडं मीठ सोडत, पंपानं ढवळत विरघळवायचं असतं. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर सुरुवातीला द्रावण इतकं दाट होतं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेटशी जोडी जमवून खडूसारखं बाहेर पडतं. तो खडू पुन्हा सहजी विरघळत नाही. शिक्षकाच्या घरात खडू कमी पडला म्हणून की काय, मुलानं टाकीतच तयार केला.

सूनबाई कळंबच्या. 2016 च्या उन्हाळ्यात, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, त्यांनी माहेरी टँकरचं पाणी निवळताना रोज पाहिलेलं. त्यांनी टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी तळाला पांढरा थर, वर नितळ पाणी. ‘गाळ आहे, बसेल.’ पंपाच्या तोंडाशी दाट कापूस लावला, तो दोनदा बदलला, आणि सोमवारपर्यंत भिंत दिसू लागली. हायड्रोमीटरवर घनता 1.025, तापमान 25 अंश. सगळं पुस्तकाप्रमाणे.

बुधवारी पाणी पुन्हा पांढरं झालं.

या वेळी पांढरेपणा वेगळा होता. दुधात भरपूर पाणी घातल्यासारखा, पातळ, सगळीकडे सारखा. पुन्हा पेला, पुन्हा रात्र. पण सकाळी थर नाही, पेला जसाच्या तसा धुरकट. गाळ बसतो, जिवंत वस्तू बसत नाही. हे जिवाणू होते. पाण्यात सडकं खाणं मिळालं की काही जिवाणू अर्ध्याएक तासात दुप्पट होतात. उलट ज्या जिवाणूंची टाकीला खरी गरज, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे, ते आळशी. त्यांना दुप्पट व्हायला एखादा दिवस सहज लागतो. म्हणून नवी टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवतात. पहिली गर्दी हुल्लडबाजांची, कामाची माणसं मागून. लग्नाच्या मांडवातही हाच क्रम असतो.

दुकानदारानं पाणी स्वच्छ करणारी बाटली पुढे केली. मुलाला पाणीच बदलून टाकावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही हे बरं झालं. खाणं संपलं की हे जिवाणू आपोआप ओसरतात; तोवर मासा सोडायचा नाही आणि हवा भरपूर द्यायची, कारण ही गर्दी पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. डेन्व्हरला हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्यानं कमी, त्यामुळे पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग खळखळता ठेवला.

गुरुवारी हे पत्र लिहिलं. शेवटची ओळ: ‘तुरटी फिरवावी का, कळवावे.’

पत्र तेरला पोचायला सोळा दिवस लागले. त्यातल्या पाचव्या दिवशीच टाकी काचेसारखी नितळ झाली होती. फोनवर हे सांगता आलं असतं, पण पत्रातला प्रश्न पत्रानं सोडवायचा असा आप्पांचा दंडक.

उत्तर आलं ते स्पीड पोस्टानं, जाड खाकी पाकिटात. आत सुपारीएवढा तुरटीचा खडा आणि चार पानं. पहिल्या दोन पानांवर इतिहास. तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे, इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जाई, आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा गावातल्या लामतुरे संग्रहालयात आजही आहेत. ‘तेव्हा आपला समुद्राशी संबंध नाही असे पुन्हा लिहू नये.’ असं मुलानं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण आप्पांना आवडतं उत्तर असलं की ते प्रश्न स्वतः तयार करतात.

तिसऱ्या पानावर तुरटी. खडा पाठवतो आहे, मात्र टाकीत फिरवू नये, असा हुकूम. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात चिकट पुंजके करतं आणि मातीचे कण त्यांना धरून तळाशी जातात. पण त्यात पाण्याची क्षारता खर्ची पडते, आणि ॲल्युमिनियम प्रवाळांना मानवत नाही. हे त्यांनी गावातल्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतलं होतं. मग खडा कशाला पाठवला? ‘दाढीनंतर लावण्यास.’

चौथ्या पानावर एकच परिच्छेद.

‘तू लिहितोस, जंतू खाणे मिळाल्यावर वाढतात. तू असेही लिहितोस, टाकीत मासे नव्हते. मग खाणे कोणी घातले?’

इथं मुलाची पंचाईत झाली. घर माळकरी. संत गोरोबाकाकांच्या गावातलं, आईच्या गळ्यात तुळशीची माळ. अमोनिया तयार व्हावा म्हणून रविवारी रात्री टाकीत एक कच्ची कोळंबी कुजायला टाकली होती. ही रीत मत्स्यालयवाल्यांत जुनी आहे. मूळ पत्राच्या सहा पानांत मीठ, वाळू, कापूस, घनता सगळं आलं होतं. कोळंबी तेवढी आली नव्हती.

दुसरं पत्र आता अर्धं लिहून झालं आहे. काचेवर नव्यानं चढलेल्या तपकिरी शेवाळावर तीन पानं झाली. नव्या टाकीत ते येतंच, वाळू-पाण्यातली सिलिका त्याला लागते, असं सगळं तपशिलात. सूनबाई मागून डोकावून विचारतात, ‘तिच्यापर्यंत आलात का?’ मुलगा गालावर तुरटी फिरवतो आणि चौथं पान पुन्हा शेवाळापासूनच सुरू करतो.