हयातीची खातरजमा

निवृत्तिवेतन घेणारा इसम हयात आहे किंवा कसे, याची खातरजमा सरकारदरबारी दर नोव्हेंबरात होत असते; आणि पूर्वी ती, सदर इसम काठी टेकीत खिडकीपाशी आला आणि कारकुनाने चष्म्यावरून त्याच्याकडे एकवार पाहिले, की पुरी होत असे. या रिवाजात शास्त्रीय असे काहीच नसल्यामुळे 2014 साली ‘जीवन प्रमाण’ योजना अवतीर्ण झाली, आणि मनुष्य जिवंत असल्याची ग्वाही देण्याचा अधिकार काचेच्या एका चिमुकल्या चौकोनाकडे सुपूर्द झाला.

त्या चौकोनाने माझा अंगठा पाच वेळा नाकारला. जन्मभर खडू धरलेल्या बोटांवरील रेषा उतारवयात पुसट होतात, हे यंत्राच्या रचनाकारास ठाऊक नसावे. वस्तुतः ज्यांच्यासाठी ही योजना, त्या बहुतेकांचे सामाईक लक्षण म्हणजे वार्धक्यच! कारकुनाने अंगठा फडक्याने पुसविला, किंचित तेल चोळविले आणि अखेरीस, समोर घाम पुसत उभ्या असलेल्या मला, अत्यंत अदबीने सांगितले, “काका, तुमचं जिवंत असणं लागत नाहीये.”

2021 पासून चेहरा पाहूनही ओळख पटविण्याची सोय झाली आहे. म्हणजे कारकुनाची ती चष्म्यावरची नजरच आता मोबाईलला शिकविली आहे, फरक इतकाच, की मोबाईलपुढे पापणी लववून दाखवावी लागते.

कागदी दाखला मात्र अजून चालतो. जाताना स्वतःचे पेन न्यावे. तेथले दोरीस बांधलेले पेन उमटत नाही.