पतसंस्थेवर पुन्हा प्रशासक!

ऐकलंत का वहिनी, पतसंस्थेवर पुन्हा प्रशासक! सकाळी दूध आणायला गेले तर शटरवर सहायक निबंधकांचा आदेश डकवलेला, आणि चेअरमनसाहेबांचा थोरला मोबाईलवर त्याचे फोटो काढतोय. वकिलाला पाठवायला असणार. म्हणजे आता परत हायकोर्ट. मागच्या खेपेला स्टे मिळाला तेव्हा हलगी लावून काय नाचले होते! तुमच्या पायरीवरचा गुलाल दिवाळीपर्यंत निघाला नाही.

"पण ताई, बरंच झालं की. चोर तर घालवले."

घालवले खरं. चेअरमन काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे मीही सांगेन. भाच्याला विनातारण कर्ज, मेहुण्याला क्लार्कची नोकरी, कुणाला ठाऊक नाही? पण वहिनी, मी निबंधकांच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळलीय. कलम ८३ च्या चौकशीची फाईल वर्षानुवर्षं कपाटात पडून असते, आणि चेअरमननं गट बदलला की आठवड्यात तिच्यावर सही होते. फाईल तीच, दोष तेच. फक्त चेअरमनसाहेब मेळाव्यात भलत्याच स्टेजवर दिसलेले असतात.

कायदा सरळ आहे हो. कलम ७८ अ. नोटीस द्या, म्हणणं ऐका, मग काय ते बरखास्त करा. भांडण आहे ते सरकारनं घरात कुठवर यायचं याचं. साखर कारखान्यात सरकारचं भागभांडवल असतं, कर्जाला थकहमी असते, म्हणून तिथला कार्यकारी संचालकसुद्धा सरकारमान्य पॅनेलमधूनच घ्यायला लावतात, हे एकवेळ समजतं. आपल्या पतसंस्थेत सरकारची दमडी नाही. पैसा आहे तो भाजीवाल्यांचा, रोज संध्याकाळी पिग्मी भरणाऱ्यांचा.

"मग असं करता येऊ नये, असा कायदा नाही का?"

होता की! चांगला घटनेतच घातला होता. ९७ वी घटनादुरुस्ती, २०१२ च्या फेब्रुवारीपासून लागू. संचालक एकवीसच्या वर नकोत, मुदत पाच वर्षं, बरखास्ती सहा महिन्यांपलीकडे नाही, बँक असली तर फार तर वर्ष. आणि सरकारचा पैसा किंवा हमी नसेल तिथं बरखास्ती करायचीच नाही. आमचे साहेब तेव्हा चेहरा पाडून बसले होते, पानाच्या डब्यालाही हात लावला नव्हता त्यांनी. पण फार दिवस काळजी करावी लागली नाही. २०१३ ला गुजरात हायकोर्टानं घटनेत घातलेला तो सहकाराचा भाग रद्द केला, आणि २० जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं हायकोर्टाचाच निकाल बव्हंशी कायम केला. कारण ऐकाल तर हसाल. सहकार हा राज्यांचा विषय, आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी घ्यायचीच राहून गेली! हॉल बुक, आचारी ठरला, आणि नवरीला विचारलंच नाही. आता तो भाग बहुराज्य संस्थांपुरता उरलाय. आपल्याला महाराष्ट्राचा १९६० चाच सहकार कायदा. त्यात २०१३ ला बदल केलेत, पण ते ठेवायचे की काढायचे हे मुंबईतच ठरणार.

कोर्टात न्याय मिळत नाही असं नाही हं. मध्य प्रदेशात पन्ना म्हणून जिल्हा आहे, हिऱ्यांच्या खाणींचा. तिथली जिल्हा सहकारी बँक. सहनिबंधकानं २०११ ला मंडळ बरखास्त केलं. आधी रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करायला हवा होता, तो झालाच नाही. हायकोर्टात सरकार हरलं, तरी सुप्रीम कोर्टात गेलं. २०१३ ला तिथंही हरलं. कोर्टानं नुसता आदेश रद्द केला नाही वहिनी. जेवढे दिवस बेकायदा बाहेर ठेवलं तेवढे दिवस मंडळाला परत द्या, म्हणाले. वर सरकारला लाखाचा भुर्दंड, आणि त्या सहनिबंधकाला दहा हजार, तेही स्वतःच्या खिशातून. हे वाचून आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणी पेन उघडलं नव्हतं!

"म्हणजे प्रशासक वाईटच?"

तसंही नाही हो, तिथंच तर घोळ आहे. आपल्या राज्य सहकारी बँकेवर २०११ च्या मे महिन्यात प्रशासक आला. मंडळावर कोण कोण बडी मंडळी होती ते तुम्हाला माहीत आहे, मी भिंतीजवळ नावं घेत नाही. बँक पुढं नफ्यात आली, नाकारून कसं चालेल? पण दहा वर्षं उलटली तरी तिथं प्रशासकच होते. तात्पुरता म्हणून आलेला माणूस चांगला निघाला की मग निवडणुकीची आठवणच कुणाला येत नाही. मला विचाराल तर चोराला कलम ८८ खाली धरा, नुकसान त्याच्याकडून भरून घ्या, आणि मतपेटी ठेवा सभासदांपुढे. आपण परत त्यालाच निवडून दिलं तर ते आपलं कर्म. तेवढी अक्कल सरकारनं आपल्याला उधार द्यायची गरज नाही.

बरं, कामाचं सांगते. निवडणूक लागली की आधी कच्ची मतदार यादी लागते आणि हरकतीला थोडेच दिवस असतात. तुमच्या मामंजींचा शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे ना? मृत्यूचा दाखला आणि अर्ज देऊन तो नावावर करून घ्या.

"अहो, ते जाऊन सात वर्षं झाली, राहूनच गेलं. काय फरक पडतो त्या शेअरनं?"

मागच्या निवडणुकीत त्यांनी मत दिलंय. मी स्वतः यादीवर टिक पाहिलीय.