शिक्क्याखालचा क्रमांक

2023 साली अधिक श्रावण आला आणि माझी पंचाईत झाली. अधिकात जावयाला 33 अनारसे द्यायचे असतात. मला जावई नाही. एक मुलगा आहे, तोही बिनलग्नाचा. म्हणजे दानासाठी घराबाहेर कुणीतरी शोधणं आलं. ‘दान सत्पात्री असावं’ हे वाक्य आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मुख्यतः दान न करण्याचं कारण म्हणून.

त्यातून मी एकदा पोळलो होतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दारात येऊन अन्नदानासाठी 501 रुपये घेऊन गेले. पावतीवर तळाशी बारीक अक्षरात एक आकडा होता. हाच नोंदणी क्रमांक, असं समजून मी ती पावती कपाटात विम्याच्या कागदांशेजारी ठेवली. दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा कळलं की तो छापखान्याचा फोन नंबर आहे. फोन लावला. पलीकडून विचारलं, “लग्नपत्रिका की व्हिजिटिंग कार्ड?”

तेव्हापासून मी पै न्‌ पै पारखून देतो. म्हणजे देतच नाही, पण पारखतो मात्र कसून.

दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर गरीब मुलांसाठी फुकट अभ्यासिका चालते. ती चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सगळे ‘बाई’च म्हणतात. बाई आल्या, एक पंखा बंद पडलाय म्हणाल्या आणि माहितीपत्रक ठेवून गेल्या. मी म्हटलं, “विचार करून कळवतो.” पुण्यात याचा अर्थ काय होतो, ते बाईंना ठाऊक असणार. तरी त्या हसून गेल्या. इथेच मला पहिला संशय आला.

दुसरा संशय पत्रकावरच्या क्रमांकाचा. त्याची सुरुवात ‘एफ’ने होत होती. माझ्या प्रगतिपुस्तकात एफ कुणाला म्हणत, हे मी विसरलेलो नाही. नापास झालेली संस्था वर निर्लज्जपणे तो शेरा छापते!

मी वेषांतर करून चौकशीला गेलो. वेषांतर म्हणजे टोपी घातली. अभ्यासिकेत कोपऱ्यात बसलो तर शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, “काका, कुठली परीक्षा?” वय 61. तोंडातून निघून गेलं, “तलाठी.” त्याने एक अक्षर न बोलता चालू पंख्याखालची आपली जागा मला दिली आणि सोबत एक सराव प्रश्नसंचही दिला. तो मला सोडवावा लागला. 100 पैकी 31 मिळाले. वहीत मी नोंद केली : ‘पंखे तीन, चालू दोन. बाईंच्या पायात साध्या चपला. संशयास्पद. भारी असत्या तरी संशयास्पद.’

मग थेट धर्मादाय कार्यालय गाठलं. जाता-येता रिक्षाचे 260 रुपये झाले. खिडकीपुढे ही रांग! माझा नंबर आल्यावर मी पत्रक पुढे सरकवून आवाज खाली आणून म्हणालो, “साहेब, हे एफ प्रकरण काय आहे?”

खिडकीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं, “संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली आणि मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासही झाली, की तिला एफ क्रमांक मिळतो. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, ते शेड्यूल वनच्या उताऱ्यात असतं. अर्ज करा, नक्कल मिळेल. ऑडिट केलेले हिशेब दाखल केलेत का, तेही विचारता येतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “न्यासाचं नाव तर वेबसाइटवर घरबसल्याही शोधता येतं, काका.”

मी 260 रुपये मनातल्या मनात गिळले. तेवढ्यात त्याने विचारलं, “आणि तुमचं मंडळ कुठलं?”

तेव्हा उलगडलं. ती रांग गणेश मंडळांची होती. मीही छाती फुगवून सांगितलं, की आमच्या गल्लीच्या मंडळाचा मी नऊ वर्षं खजिनदार आहे.

“नोंदणी आहे?”

“मंडळाची? नाही, आपलं घरगुतीच...”

“मग कलम 41 क खाली वर्गणीची परवानगी दरवर्षी घेत असाल.”

माझ्यामागे उभ्या असलेल्या पाच मंडळांचे पाच कार्यकर्ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी टोपी काढून डोकं पुसलं.

आमच्या पावतीपुस्तकावर ‘नों. क्र.’ असं छापलंय आणि पुढे नुसती टिंबं आहेत. त्या टिंबांवर मी दरवर्षी स्वतःच्या हाताने ‘गणपती बाप्पा मोरया’चा रबरी शिक्का मारतो. पहिल्या वर्षी तो चुकून तिथे पडला होता. पुढची आठ वर्षं चुकून नाही. पंधरा दिवस जिची शोधाशोध केली ती बोगस संस्था अखेर सापडली होती, आणि तिच्या रोख रकमेची पेटी माझ्याच पलंगाखाली होती.

संध्याकाळी 2,001 रुपये रोख घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी पॅन क्रमांक मागितला. जुन्या सवयीने मी दचकलो. “तुमची देणगी आम्हाला आयकर खात्याला कळवावी लागते,” त्या म्हणाल्या, “तरच तुम्हाला 80 जीची सवलत मिळते. आणि हा एक रुपया परत घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर सगळ्याच रकमेची सवलत जाते.” शकुनाचा रुपया त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि 2,000 ची पावती फाडली. तिच्यावर न्यासाचा क्रमांक होता, पॅन होता, 80 जीच्या मंजुरीचा क्रमांक होता. शिक्का होता, तो सहीशेजारी. त्याच्याखाली काहीही नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, “तुमच्या मंडळाची मुलं येऊन गेली हो. 101 दिले मी.”

“क्रमांक बघितलात?” मी विचारलं.

“शिक्का होता ना त्यावर. दिसला नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभं राहून मी परवानगीचा अर्ज भरला. तेव्हा कुणीही देणगी मागायला आलं, तर लाजू नका. क्रमांक विचारा, तो शोधून पाहा, मग पैसे द्या. आणि पावतीवर बाप्पाचा शिक्का दिसला, तर हात जोडा, पण त्याच्याखालचं वाचल्याशिवाय पाकीट काढू नका. खजिनदार म्हणून नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगतोय.