मानेचा स्वयंमूल्यमापन अहवाल

माणसाच्या मानेत ७ मणके आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे निकषही ७. हा निव्वळ योगायोग नसावा, असे आमच्या स्टाफरूमचे ठाम मत आहे. जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात, पण त्याला दरवर्षी एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, भरावा लागत नाही, म्हणून त्याची ताठ राहिली. आपल्याला ती सोय नाही. तेव्हा पुढच्या मूल्यांकनापर्यंत आपली मान रीतसर कामातून कशी घालवावी, याचे मार्गदर्शन निकषवारच केलेले बरे. प्रत्येक दुखण्याचा पुरावा सोबत जोडावा. त्यावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का हवा.

निकष पहिला, पायाभूत सुविधा. खुर्ची प्लॅस्टिकची, शक्यतो एक पाय आखूड असलेली. टेबल असे निवडावे की कीबोर्डच्या सरकत्या फळीला गुडघे आपटतील. मग माणूस आपोआप मागे सरकतो आणि अक्षर दिसेना म्हणून हनुवटी पुढे काढतो. हनुवटी पुढे आली की निम्मे काम झाले. विभागाने लॅपटॉप दिला असेल तर एवढाही खटाटोप नको. त्याचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे हात नीट ठेवले की मान वाकते आणि मान नीट ठेवली की हात अधांतरी राहतात. दोन्ही एकदम नीट ठेवण्याची तरतूद त्यात नाही. आपले डोके साधारण ५ किलोचे. ताठ बसलेल्या माणसाचे मणके ते बिनतक्रार पेलतात, पण मान ६० अंश वाकवली तर त्यांच्यावर २७ किलोंच्या आसपास भार येतो, असे गणित २०१४ साली एका अमेरिकी शल्यविशारदाने मांडले. रात्री अकराला आलेला ‘अर्जंट प्लीज’ हा मेसेज मांडीवरच्या मोबाईलमध्ये वाचून पाहा, म्हणजे गणित पटेल.

निकष दुसरा, सातत्य. एकदा बसलात की उठू नये. माहिती भरायचे पोर्टल यात मोलाची मदत करते. शेवटच्या तारखेला ते रांगायला लागते, मधले चक्र फिरत राहते आणि पाणी प्यायला उठावे तर तेवढ्यात लॉगआउट होते. खांद्यापासून डोक्याच्या मागपर्यंतचे स्नायू तासन्‌तास एकाच जागी आवळून धरले की त्यांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि ते दगडासारखे लागतात. ते दगड हाताला लागले की निकष पूर्ण झाला असे समजावे.

निकष तिसरा, चष्मा. चाळिशी उलटलेल्यांसाठी राखीव. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचे दिसते ते खालच्या भागातून, म्हणून असे लोक पडदा वाचताना डोके मागे टाकून आढ्याकडे बघितल्यासारखे बसतात. ‘पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत’ हा सर्वांना माहीत असलेला नियम यांनी पाळला तर आणखीच दुखते. त्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा, नाहीतर संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हा मजकूर चुकून उपयोगी निघाला आहे.

निकष चौथा: फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून टंकलेखन करावे.

निकष पाचवा, उत्तरपत्रिका. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने त्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल रखडले, पुढे कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. तपासणाऱ्यांच्या मानांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. कागदी गठ्ठे तपासतानाही मान वाकायचीच, खोटे कशाला बोलू. पण कॅप सेंटरला, म्हणजे तपासणी केंद्रावर, गठ्ठा संपला की परत करायला आणि दुसरा आणायला उठावे लागे. मध्येच चहा येई, शेजारच्या बाकावरचे सर एखादे अफाट उत्तर मोठ्याने वाचून दाखवत आणि दहा माना एकदम वळत. पडद्यावर ‘नेक्स्ट’ दाबले की झाले. हसायलाही मान वळवावी लागत नाही.

निकष सहावा, पुरावे. इथे मला गंभीर राहणे जमणार नाही. वृक्षारोपण झाले, रोपे लावली, ती पोरांनी जगवली. पण ‘सर, फोटो जिओटॅग नाहीये.’ मग जुना फोटो शोधा, पीडीएफ करा, लिंक बनवा, ती उघडते का बघा. तीच माहिती एक्यूएआरमध्ये, तीच कॅसच्या म्हणजे बढतीच्या फाईलमध्ये, तीच विद्यापीठाच्या तक्त्यात, आणि प्रत्येक ठिकाणी तारीख लिहायची पद्धत वेगळी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलामुलींना तर पैसे मिळतात शिकवलेल्या तासांचे, पण आकडे भरायला बसवतात दिवसभर. त्यांची मान बिनपगारी दुखते. आमच्या समन्वयक मॅडमना मी मनातल्या मनात फार बोललो आहे, पण त्या स्वतः मानेला पट्टा बांधून रात्री आमच्याच चुका दुरुस्त करत असतात. मॅडम, तो पट्टा काढा. फार दिवस बांधला की मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात.

सातव्या निकषात ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ लिहायच्या असतात. मागच्या फेरीच्या अहवालाच्या बाइंडिंग केलेल्या दोन प्रती लॅपटॉपखाली ठेवाव्यात. पडदा बरोबर उंचीला येतो. त्या अहवालाचा इतका प्रत्यक्ष उपयोग आजवर कोणी केला नसेल. कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्यावेत, कोपर अंगाशी, पाय जमिनीला टेकलेले. अर्ध्या तासाने उठावे, लॉगआउट झाले तर होऊ द्यावे. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यायची, पाच मोजायचे, सोडायची. असे दहा वेळा. दुहेरी हनुवटी दिसते, म्हणून दार लावून करावे. उशी एकच आणि बेताची. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत झीज दिसते, दुखत असो वा नसो, त्यामुळे ‘गॅप आहे’ एवढ्या दोन शब्दांनी हाय खाऊ नये. मात्र हाताला मुंग्या येत असतील, पेन किंवा कप हातातून निसटत असेल, चालताना तोल जात असेल, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि तास घ्या. फळ्याकडून वर्गाकडे, पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकाकडे, तिथून खिडकीशी कुजबुजणाऱ्या दोघांकडे: पन्नास मिनिटांत मास्तरची मान जेवढी फिरते तेवढी कोणत्याही व्यायामाच्या तक्त्यात फिरत नाही. सकाळी अवघडलेला माणूस दुसऱ्या तासानंतर चहाला हसत येतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून प्राचार्यांना, विद्यापीठाला आणि त्यावरच्या सर्वांना नम्र विनंती: एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका, शुक्रवारी संध्याकाळी तक्ता पाठवून सोमवारी सकाळी मागू नका, आणि त्यासाठी आमचा तास तर मुळीच रद्द करू नका.