शास्त्रापेक्षा रूढी बलीयसी : विंडोजचे पहिले पाच धडे

ज्यांच्या मुलाने स्वतःसाठी लॅपटॉप घेतला, जुना संगणक ‘बाबा, आता तुम्ही शिका’ असं म्हणून हॉलमध्ये मांडून दिला आणि शिकवायला बसल्यावर तिसऱ्याच वाक्याला त्याचा आवाज चढला, अशा सर्व आईबाबांसाठी ही पुस्तिका आहे.

विंडोज शिकवणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ मिळतात, पण त्यांत नुसतं शास्त्र असतं. आपल्याकडे संगणक चालतो तो रूढीवर. म्हणून इथे प्रत्येक धड्यात आधी रूढी दिली आहे आणि मग शास्त्र. दोन्हींत विरोध आढळला तर ज्याचं त्याने ठरवावं. आजूबाजूला चार माणसं बघत असतील तर रूढीच पाळलेली बरी.

धडा १ : यंत्र सुरू करणे

रूढी : चपला खोलीबाहेर काढाव्यात. यंत्रावरचं कापडी कव्हर काढून त्याची नीट घडी घालावी. दसऱ्याला सीपीयूला हळदीकुंकू लावून झेंडूचं फूल वाहावं आणि त्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी.

शास्त्र : ज्या खोक्याला आपण फूल वाहतो ती कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली बसलेली, तळहातावर सहज मावणारी चिप. हळदीकुंकू जाळीपासून लांब लावावं, कारण पंखा हवेबरोबर श्रद्धाही आत ओढतो.

यंत्र सुरू झालं की स्टार्टचं बटण शोधावं. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ने ते डाव्या कोपऱ्यात बसवलं. २०१२ साली विंडोज ८ काढताना कंपनीने ते चक्क काढून टाकलं. लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी, ८.१मध्ये, ते गुपचूप जागेवर आलं. २०२१च्या विंडोज ११मध्ये ते कोपरा सोडून मधोमध सरकलं आहे. रूढीपुढे मायक्रोसॉफ्टलाही वाकावं लागतं, तिथे आपण कोण?

धडा २ : रिफ्रेश आणि माउसचा सराव

रूढी : डेस्कटॉप दिसताच मोकळ्या जागी उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश’ म्हणावं. एकदा करून भागत नाही. निदान तीनदा करावं. यंत्र मंद वाटलं तर पाचदा. क्लासमधल्या सरांनी हे कधी शिकवलं नव्हतं, पण तेही हेच करत.

शास्त्र : रिफ्रेशने पडद्यावरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, एवढंच. एखादी नवी फाइल दिसत नसेल तर त्याचा उपयोग. यंत्राचा वेग त्याने रतीभरही वाढत नाही. मग फरक का जाणवतो? यंत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, पडद्यामागे त्याची जुळवाजुळव चालू असते. आपली पाच रिफ्रेश होईस्तोवर ती संपते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि श्रेय कावळ्याला.

माउसवर हात बसण्यासाठी पत्ते खेळावेत. १९९०च्या विंडोज ३.०बरोबर सॉलिटेअर आलं. ते वेस चेरी नावाच्या, उन्हाळ्यापुरत्या कामाला आलेल्या मुलाने लिहिलं होतं आणि त्यातले पत्ते सुसान केअर यांनी रेखाटले होते. पान उचलायचं, ओढत न्यायचं, सोडायचं : लोकांना माउसची ही हालचाल हसतखेळत जमावी, हा त्याचा एक उपयोग. ऑफिसात साहेबांनी पाहिलं तर ‘सराव करतोय’ असं सांगावं. पुष्कळांचा सराव अजून पुरा झालेला नाही.

धडा ३ : फाइल ठेवणे आणि हरवणे

रूढी : सगळं डेस्कटॉपवर ठेवावं. समोर असलं म्हणजे सापडतं. फोल्डरला नाव देऊ नये. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ ही नावं यंत्र स्वतःच देतं. फाइलींना मात्र अर्थपूर्ण नावं द्यावीत : ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका फायनल नवीन’, ‘पत्रिका फायनल काकांचं नाव घातलेली’.

शास्त्र : यंत्रातली मुख्य जागा म्हणजे सी ड्राइव्ह. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी जाऊनही जमाना झाला, पण हार्ड डिस्क अजून सी पासूनच सुरू होते आणि ‘सेव्ह’च्या चित्रात अजून फ्लॉपीच दिसते. इथे शास्त्राचीच रूढी झाली आहे.

आता महत्त्वाचं. डेस्कटॉप ही वेगळी जागा नव्हे. सहसा तो सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर असतो. दुरुस्तीवाला येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, आपण ‘डी ड्राइव्हला हात लावू नकोस’ असं बजावून चहा ठेवायला जातो. लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर असतात. चहा होईपर्यंत ते गेलेले असतात. जपायच्या वस्तूंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क यंत्राला कायम जोडलेली नसावी.

फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ती फोल्डर वेगळे दाखवण्यासाठी राखलेली आहे. म्हणून ‘वीजबिल ५/६’ असं नाव यंत्र घेत नाही. ‘वीजबिल ५-६’ घेतं. तसंच रोमन लिपीत ‘कॉन’ या नावाचा फोल्डर बनत नाही. क्लासमधली पोरं हे गूढ म्हणून दाखवतात, ‘बिल गेट्सलाही कारण माहीत नाही’ असं सांगतात. कारण साधं आहे : डॉसच्या काळापासून ते नाव कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखीव आहे. पण हे मधेच सांगून कोणाच्या चमत्काराचा विरस करू नये.

धडा ४ : मराठी लिहिणे

रूढी : पत्र घरी टाइप करून पेन ड्राइव्हवर घ्यावं आणि झेरॉक्सच्या दुकानात उघडावं. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा खच दिसला की दुकानदाराने ‘तुमची फाइल करप्ट आहे’ म्हणावं आणि आपण ‘घरी दिसत होतं’ म्हणावं.

शास्त्र : फाइल धडधाकट असते. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतींत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की खालचं रोमन वर येतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कुठेही मराठीच राहतो. विंडोजमध्ये अनेक वर्षं आपण जो मंगल फाँट पाहत आलो, तो र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवला.

कीबोर्ड इन्स्क्रिप्ट निवडावा. त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क, त, च, प यांच्या बटणांवर शिफ्ट दाबली की ख, थ, छ, फ उमटतात. ज्याने बाराखडी रचली त्याची सोय पाहूनच जणू हे केलं आहे. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून होते. हे शिकायला चार दिवस लागतात, म्हणून बहुतेक लोक रोमन स्पेलिंगने मराठी लिहितात आणि ‘ज्ञ’ आला की थबकतात.

धडा ५ : पडद्यावर चौकोन आला तर

रूढी : वाचू नये. ताबडतोब ‘ओके’ दाबावं. ओके नसेल तर ‘येस’. मग मुलाला फोन करावा :

‘अरे, काहीतरी आलं होतं.’

‘काय लिहिलं होतं, आई?’

‘ते मी घालवलं. आता काही दिसत नाही.’

‘काय दाबलंस?’

‘मी काहीच दाबलं नाही. आपोआप झालं.’

शास्त्र : यंत्र मुकं नाही. काय करणार आहे ते बहुतेक वेळा आधी सांगतं. एक उदाहरण पुरे. फाइल डिलीट केली की ती रीसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून परत आणता येते. हल्लीचं विंडोज अशा वेळी सहसा विचारतही नाही. पण पेन ड्राइव्हवरची फाइल काढली, किंवा शिफ्ट धरून डिलीट दाबलं, तर ‘कायमची काढायची का?’ असं विचारतं. म्हणजे विचारलं, तर प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट, रीस्टार्टची. विंडोज ८पासून ‘शट डाउन’ केलं तरी यंत्र पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं. ही सोय बंद केलेली नसली तर तसंच होतं. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. रोज रात्री इमानाने बंद करूनही जी तक्रार सकाळी तशीच असते, ती रीस्टार्टने जाते ती यामुळे. मुलगा फोनवर आधी ‘रीस्टार्ट कर’ म्हणतो तो टाळण्यासाठीच म्हणतो, पण योगायोगाने बरोबर असतो.

स्वाध्याय

१. रिकामी जागा भरा : ‘मी काही केलं नाही, ______ झालं.’

२. कारणे द्या : (अ) दुरुस्तीवाला गेल्यावर घरात अबोला धरला जातो. (आ) विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ‘आमचं चालतंय की’ असं आपण म्हणतो.

३. फरक स्पष्ट करा : ‘पत्रिका फायनल’ आणि ‘पत्रिका फायनल नवीन’.

४. प्रात्यक्षिक : पडद्यावर पुढचा चौकोन येईल तेव्हा हात माउसवरून काढा आणि त्यातला मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचा. मगच काय दाबायचं ते ठरवा. या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत.

सूचना : उत्तरपत्रिका मुलाकडे तपासायला देऊ नये. तो वाचणार नाही, नुसतं ‘ओके’ म्हणेल.