टोनभाऊ

ज्याच्या घरी इलेक्ट्रिक गिटार आहे, अ‍ॅम्प नाही, आणि तरीही कुणाला अ‍ॅम्प घ्यायचा असला की सगळे ज्याच्याच दारात जातात, तो टोनभाऊ. नांदेड-लातूर पट्ट्यात दर दोन-चार गल्ल्यांमागे एक सापडतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. विष्णुपुरीला राहून इंजिनिअरिंग केलेलं. पदवीचं पुढं काय झालं हे विचारू नये, घरच्यांनीही विचारणं सोडलंय. गिटार मुंबईहून, धोबीतलावच्या फुर्टाडोजमधून घेतलेली आणि देवगिरी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर रात्रभर उशाशी धरून आणलेली. ते दुकान 1865 सालचं आहे हे तो न विचारता सांगतो. अ‍ॅम्प कुठंय म्हटलं की मात्र उत्तर ठरलेलं, "बघायलोय ना."

हे बघणं साधंसुधं नसतं. त्यासाठी वही आहे. वहीत रकाने आहेत: वॅट किती, स्पीकर किती इंची, किती अ‍ॅम्पांची नक्कल करतो, इफेक्ट किती, यूएसबी आहे का. लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेला माणूस, तो अ‍ॅम्पचीही गेल्या दहा वर्षांची प्रश्नपत्रिका सोडवूनच बसतो. फक्त परीक्षेला जात नाही.

बारावीनंतर गॅप घेतलेला एखादा पोरगा घाबरत घाबरत येतो. बापानं नीटच्या मार्कांच्या बोलीवर गिटार घेऊन दिलेली असते. टोनभाऊ त्याला खुर्ची देतो आणि तास सुरू होतो.

"मॉडेलिंग अ‍ॅम्प म्हणजे काय, सांग."

पोरगा गप्प.

"अरे, फेंडर, मार्शल, व्हॉक्स हे मूळचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प. काचेच्या नळ्या, आजोबांच्या रेडिओत असायच्या तशा. त्यांच्यावर ताण आला की आवाज फाटतो, आणि ते फाटणंच गोड लागतं. तसले खरे चार अ‍ॅम्प घ्यायला बसलास तर बापाचं रान जाईल. म्हणून आता आत चिप बसवतात. ती त्या नळ्यांचं, लाकडी पेटीचं, पेटीसमोरच्या माइकचंसुद्धा गणित करून तसा आवाज काढती. लाईन सिक्सनं 1996 ला अशी चिप घातलेला अ‍ॅम्प काढला, तिथून हे सगळं सुरू."

इथवर शब्द न् शब्द खरा आहे, आणि इतकं सोपं करून सांगणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही. घोडं पुढं अडतं. पोरगा विचारतो, "मग दादा, घेऊ कोणता?" टोनभाऊ खिडकीबाहेर बघतो. "असं डायरेक्ट सांगता येत नसतं."

सांगता येत नाही, कारण त्याला सगळंच माहीत असतं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते 2016 साल. बॉस कंपनीचा कटाना अ‍ॅम्पही त्याच साली आला. दुसरी घटना याला नॉबच्या क्रमासकट पाठ आहे. पहिल्या घटनेच्या वेळी घरात घागरी कुणी भरल्या हे आईला विचारावं. फेंडरचा मस्टँग एलटी 25 घे म्हणावं, तर त्याचा स्पीकर आठ इंची. कटाना 50 ला बारा इंची आहे, तर तो बजेटबाहेर. बजेट म्हणजे दहा हजार. ते कॉलेजात ठरलं होतं आणि महागाईनं त्याला अजून हात लावलेला नाही. भाव चढेल म्हणून आपल्याकडं सोयाबीन घरात थप्पीला लावून ठेवतात, तसे याने भाव उतरेल म्हणून ते दहा हजार दाबून ठेवलेत. दिवाळीच्या सेलमध्ये हजार-दोन हजार उतरतात तेव्हा हा म्हणतो, नवीन मॉडेल यायलंय, थांबू.

वॅटवर त्याचा विशेष जीव. 25 चे 50 वॅट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे तोच फळ्यावर काढून दाखवतो आणि स्वतःसाठी शंभर वॅटचा बघत बसतो. खोली दहा बाय दहा. त्यात कूलर, गादी आणि धाकट्या भावाची स्पर्धा परीक्षा.

न्यू जर्सीचा मामेभाऊ एकदा म्हणाला, येताना घेऊन येतो. टोनभाऊनं नाही म्हटलं आणि तिथं तो शंभर टक्के बरोबर होता. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. तिकडचा अ‍ॅम्प ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या भिंतीत खोचला तर पहिला सूर तोच शेवटचा.

त्याचं खरं दर्शन घ्यायचं तर मित्राचा अ‍ॅम्प आठवड्यासाठी घरी येतो तेव्हा जावं. अ‍ॅम्पचा प्लग तीन पिनचा, घरातला बोर्ड जुना, वरच्या जाड पिनेचं भोक नुसतं नावाला, आत तारच नाही. अ‍ॅम्प सुरू केला की गुंऽऽ असा आवाज. तारांवर पंजा ठेवला की गुणगुण दबते, उचलला की परत सुरू. जमलेल्या मंडळींना टोनभाऊ समजावतो, "हे सिंगल कॉइल पिकअपचं कॅरेक्टर आहे. व्हिंटेज. लोक यासाठी पैसे मोजतात." मंडळी माना डोलावतात. मधेच कुणीतरी एका हातात गिटार ठेवून माइकला ओठ लावतो आणि किंचाळून मागं सरतो. तेही व्हिंटेजच.

दारात अण्णा उभे असतात. टोनभाऊचे वडील, वीज बोर्डातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. संगीताशी संबंध भजनापुरता.

"अर्थिंग नाही त्याला," अण्णा म्हणतात.

"अण्णा, तुम्हाला यातलं कळत नाही."

अण्णा काही बोलत नाहीत. सकाळी अंगणात मोरीच्या कडेला खड्डा खणतात, पाइप रोवतात, भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात, वरून दोन बादल्या पाणी ओततात, बोर्डापर्यंत तार ओढून भोकात जोडतात. मंगळसूत्राला हात लावून आई दुरून बघत असते. संध्याकाळी अ‍ॅम्प लावला तर गुणगुण तीन चतुर्थांश गेलेली, शॉक पार बंद. टोनभाऊ कान देऊन ऐकतो आणि निकाल देतो, "टोन गेला."

"आठ दिवसांनी पाणी घालत जा त्यात," अण्णा म्हणतात. "उन्हाळ्यात जास्त."

वाजवतो काय, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, ते बरं आहे. झिरो-थ्री-फाईव्ह, फ्रेटच्या आकड्यांतली तीच ती धून. जगात नवा अ‍ॅम्प तपासणारा प्रत्येक माणूस जाड तारांवर हेच वाजवतो. आपला अपवाद नाही. अ‍ॅम्पात वीस जणांची नक्कल असली तरी तो तीनांपलीकडे जात नाही: एक साफ, एक फाटका आणि एक चुकून लागलेला. कॉलेजच्या गॅदरिंगला रात्रभर जागून त्यानं ब्रिटिश क्रंच जुळवून नेला होता. साउंडवाल्यानं वायर हातातून घेतली, "अ‍ॅम्प राहू द्या भाऊ, डायरेक्ट मिक्सरला लावू." खालून पब्लिकची मागणी एकच, झिंगाट. त्याच सुमारास मैदानाबाहेरून वरात गेली. बेंजोवाल्यानं आवाज पार टोकाला नेला होता, चोंगा फाटत होता, आणि जो दाणेदार, चरचरीत आवाज टोनभाऊ इतकी वर्षं वहीत शोधतोय तो रस्त्यावरून फुकट चालला होता. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मिडरेंज जास्त आहे."

लातूरकडच्या टोनभाऊंचं दुखणं निराळं. गल्लीभर क्लासवाली पोरं, घरमालकाची पहिली अट शांतता. तिथं कुठलाही अ‍ॅम्प शेवटी हेडफोनवरच वाजतो, म्हणजे स्पीकर आठ इंची की बारा इंची यावरचे सगळे वाद त्या छोट्या भोकात संपतात. पण वाद घालायला घरमालकाची हरकत नसते, म्हणून ते ओसरीवर बसून घालतात.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर आठ इंची, वीस-पंचवीस वॅटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प भरपूर झाला. वापरलेला मिळाला तरी चालेल. मागच्या पट्टीवर 230 व्होल्ट लिहिलंय का बघा, हेडफोनचं भोक चालतंय का बघा, आणि घरातल्या अर्थिंगसाठी एखादा रिटायर लाइनमन गाठा. टोनभाऊकडे जरूर जा. चहा चांगला मिळतो, माहिती तर अस्सल. फक्त अ‍ॅम्प घेऊन झाल्यावर जा.