ऑडिटर तात्यांची अर्धशिशी

ऑडिटर तात्यांना जेवायला बोलवायचं असेल तर आपलं घर तपासणीला तयार आहे का, ते आधी बघावं लागतं. उंबऱ्यातच ते थबकतात आणि नाक वर करून हवेचा अंदाज घेतात. उदबत्ती मोगऱ्याची असेल तर चालते, केवड्याची चालत नाही. मग नजर छताकडे. ट्यूबलाइट फडफडत असेल तर खुर्ची उचलून तिच्याकडे पाठ. आतून मिरचीच्या फोडणीचा ठसका आला की रुमाल नाकाला. एवढं झालं की ते बसतात आणि विचारतात, "पानं किती वाजता?" यजमानीण म्हणते, "होईलच आता." तात्या घड्याळ बघून म्हणतात, "'होईलच' ही वेळ नव्हे, वहिनी."

तात्या सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. सातारा जिल्ह्यातल्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतपेढ्या यांची दप्तरं तपासण्यात त्यांची हयात गेली. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातलं कलम ८१, म्हणजे लेखापरीक्षणाचं, त्यांना रामरक्षेच्या आधी पाठ. तात्या येणार म्हटलं की सोसायटीच्या सचिवाला ताप भरायचा. निवृत्त झाले, दप्तरं सुटली, पण तपासायची खोड सुटली नाही. तपासायला उरलं ते स्वतःचं डोकं.

अर्धशिशी तशी कॉलेजपासूनची. नोकरीत असताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. मार्चअखेरची धावपळ सुखरूप पार पडायची, आणि सगळं मार्गी लावून दोन दिवस रजा काढली की पहिल्याच सकाळी डोकं धरायचं. "साहेब, माझं कामानं दुखत नाही, रजेनं दुखतं," असं त्यांनी एकदा वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांना वाटलं, रजा वाढवून मागण्याची ही नवी तऱ्हा दिसते. ताण ऐन भरात असताना दम धरायचा आणि तो उतरला की गाठायचं, ही या दुखण्याची जुनी चाल आहे. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणाऱ्यांना आणि नेहमीचा चहा लांबलेल्यांना ते असंच गाठतं. पण साहेबांना हे कोण सांगणार?

झटका मात्र थट्टेचा नव्हे. मी एकदा समोर होतो. सकाळी ओसरीवर पेपर वाचता वाचता ते थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "यातला आमदार अर्धा गेला," म्हणाले. मला वाटलं राजकारणावर बोलताहेत. तर मथळ्यातल्या नावाचा डावीकडचा भाग त्यांना खरोखरच दिसत नव्हता. तिथे करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ थरथरत होती आणि हळूहळू कडेला सरकत होती. हा देखावा पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो. सगळ्यांनाच दिसतो असं नाही, पण तात्यांना दिसतो. तो विझला आणि एका कानशिलात ठणका सुरू झाला. ते भिंतीला धरून आत गेले. काकूंनी खिडकीवर गोधडी टांगली, उशाशी बादली ठेवली आणि शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवला. जिन्यावरून कुणी उतरलं तर ते पाऊल तात्यांना नुसतं ऐकू जात नव्हतं, लागत होतं. औषध न घेता हे चार तासांत निभावतं किंवा तीन दिवस पुरतं. त्या खोलीत डोकावून हसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हसू येतं ते नंतर, तात्या उठून रजिस्टर उघडतात तेव्हा.

रजिस्टर फुलस्केप, लाल कापडी बांधणीचं. रकाने असे: तारीख, वार, तिथी, झोप, आदल्या दिवशीचा आहार, हवा, वास, आवाज, आलेले-गेलेले, शेरा. प्रत्येक संशयिताला सोसायट्यांना देतात तसा ऑडिट वर्ग. दह्याला 'ब'. पापड-लोणच्याला 'क'. चायनीजच्या गाडीला 'ड'. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेला 'ड' देऊन वर विशेष अहवाल. आणि 'आलेले-गेलेले' या रकान्यात कराडचा मेहुणा: वर्ग 'ड', कलम ८३ खाली चौकशी प्रस्तावित.

"माझ्या भावाचं काय त्यात?" काकू विचारायच्या. "तो आला की तुम्ही रात्री एकपर्यंत पत्ते कुटता, जेवण साडेदहाला, उठता नऊला."

"पण येतो तोच ना?"

मुख्य आरोपी मात्र मेहुणा नव्हता, पेढा होता. रजिस्टरात झटक्याच्या आदल्या दिवशी 'मोती चौक, कंदी पेढे' ही नोंद इतक्या वेळा सापडली की तात्यांनी पेढ्याला थेट बडतर्फ केलं. साताऱ्यात राहून पेढा सोडणं काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथे बारसं, निकाल, बदली, नवी मोटारसायकल, सगळं पेढ्यावरच तोलतं. तात्या हात जोडून म्हणायचे, "नको, ड वर्गात आहे." झटके होते तसेच राहिले. आणि अधूनमधून एखाद्या संध्याकाळी तात्या मोती चौकात, दुकानासमोर हात मागे बांधून, जांभया देत उभे असलेले दिसायचे.

मग एकेक पदार्थ निलंबित होत गेला. अर्धशिशीला वर्ज्य पदार्थांच्या यादीत चीज आणि रेड वाइनही होती. ती आमच्या वाड्यात कुणी पाहिली नव्हती, पण परिपत्रकात आहे म्हटल्यावर तात्यांनी सोडली. शेवटी ताटात मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी उरला. एवढ्यावर पोट भरेना, आणि पोट रिकामं राहिलं की डोकं दुखायचं. उपाशी राहणं हे अर्धशिशीचं अगदी नेहमीचं निमित्त. दर एकादशीला तात्या निर्जळ, आणि बऱ्याच द्वादशींना खिडकीवर गोधडी. तिथीचा रकाना तर समोर होता. पण मी ते दाखवलं तेव्हा म्हणाले, "देवाधर्माला ऑडिट लागू नाही."

गावानंही उपाय सुचवले. सुंठ उगाळून कपाळाला लेप झाला, नाकात तुपाचे थेंब झाले. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनाला तात्यांइतकं निष्ठावान गिऱ्हाईक क्वचितच मिळालं असेल. पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, हा त्यातला एकच उपाय त्यांनी रजिस्टरात 'अ' वर्गात ठेवला होता. गुण आला का, विचारलं तर म्हणायचे, "निरीक्षण चालू आहे."

या काळात वाड्यातल्या बायकांची वेगळीच गंमत चालली होती. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट छळते. आमच्या वाड्यातही तात्या एकटे आणि त्या तिघी-चौघी. पण त्यांच्या खिडकीवर गोधडी कोण टांगणार? त्या कपाळाला ओढणी आवळून पोळ्या लाटायच्या आणि आळीपाळीने तात्यांची विचारपूस करायला यायच्या. वरच्या मजल्यावरची सून एकदा म्हणाली, "तात्या, मी डोक्यावरून न्हायले की माझं हमखास दुखतं." तात्यांनी हा दावा पुराव्याअभावी फेटाळला. तर मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी नेमकी हीच तक्रार असलेल्या ९४ भारतीय रुग्णांवर २००६ साली शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला होता. तात्यांच्या पुतण्यानं तो मोबाइलवर दाखवल्यावर त्यांनी सुनेला बोलावून रीतसर सांगितलं, "तुझा अर्ज मंजूर." ती म्हणाली, "पण केस कधी धुवायचे?" त्यावर तरतूद नव्हती. पुढे तिनंच शोधून काढलं, की रिकाम्या पोटी न्हायचं नाही आणि ओले केस तसेच बांधायचे नाहीत, म्हणजे पुष्कळदा निभावतं.

अखेर पुतण्यानं तात्यांना पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. रजिस्टर बरोबर होतंच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पानं शांतपणे उलटली, आणि तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा समोरून आक्षेप आला. "यात गोळ्यांचा रकाना कुठे आहे?"

तात्या गप्प. काकूंनी पिशवीतून मेडिकलच्या दुकानाची बिलं काढली, तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवलेली. प्रमाणकंच ती. महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त साधी वेदनाशामक गोळी, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. झटक्यावरच्या खास गोळ्यांना तर दहा दिवस पुरतात. तात्यांची बिलं यातल्या साध्या गोळीची मर्यादा कधीच ओलांडून गेली होती.

मग पेढ्याचं प्रकरण निघालं. डॉक्टर म्हणाले, "पेढ्यानं झटका येतो असं नाही. झटका येणार असतो, म्हणून पेढा खावासा वाटतो." दुखणं उमटायच्या कित्येक तास, कधी दिवसभर आधी, शरीरात त्याची सुरुवात झालेली असते. जांभया, मान आखडणं, चिडचिड, गोडाची ओढ ही त्याची लक्षणं.

"म्हणजे माझी नोंद चुकली?"

"नोंद बरोबर आहे, रकाना चुकला."

काकू म्हणाल्या, "यांच्या जांभया सुरू झाल्या की मी गोधडी काढून ठेवतेच." तात्यांनी असं काही पाहिलं त्यांच्याकडे, की एवढी वर्षं खात्यात दुय्यम पदावर कोण होतं ते त्यांना तेव्हा उमगलं असावं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. एकटं जागरण सोसतं, एकटं ऊनही सोसतं. पण जागरण, ऊन, उशिराचं जेवण असे तीन-चार जमले की मेंदूची सहनशक्ती संपते. परतताना खंबाटकी चढत असताना तात्या एकदम ओरडले, "कोरम!" ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. "अहो, सभासद कुठलाही असो, एकट्यानं ठराव होत नाही. कोरम भरला की होतो." आणि कधीकधी काहीही कारण नसताना झटका येतो, त्याचंही उत्तर त्यांना घाट उतरेपर्यंत सापडलं: ती तहकूब सभा, तिला गणपूर्तीची अट नाही.

दोष दुरुस्ती अहवाल त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला. उठणं सहाला, रविवारीही. चहा साडेसहा आणि चारला. जेवणाला 'होईलच' नाही. उन्हात टोपी आणि काळा चष्मा. रोजची एक प्रतिबंधक गोळी, एरवी रक्तदाबाला देतात त्यातली, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात. झटक्यावरची गोळी मात्र ठणका सुरू होताच, वाट न बघता, आणि तिला आता रजिस्टरात स्वतंत्र रकाना. एकादशीला दूध आणि केळं, "धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीने", म्हणजे काकूंच्या. पेढा मागील थकबाकीसह सन्मानाने कामावर रुजू झाला, आणि ती थकबाकी तात्यांनी एका बैठकीत वसूल केली. झटके थांबले नाहीत, पण पुष्कळ विरळ झाले. गोधडी आता बहुतेक वेळ पेटीत असते.

मेहुण्याची चौकशी तेवढी बंद झालेली नाही. पुराव्याअभावी दोषमुक्त करा, असं काकू म्हणतात. तात्यांनी त्याला 'ड' वरून 'क' वर आणलंय, त्यापुढे सरकायला ते तयार नाहीत. मेहुणाही शहाणा झालाय. कराडहून निघायच्या आधी फोन करतो.

"दाजी, आज कोरम किती झालाय?"

तात्या रजिस्टर पुढे ओढतात, चष्मा लावतात, बोट फिरवतात. "रात्री झोप कमी झाली, एक. बाहेर आभाळ आलंय, दोन. तू ये, म्हणजे सभेला सुरुवात करता येईल."